अनामत

बिपुल गेला तेव्हा दोन महिन्यांचं भाडं बाकी होतं
आणि चार नंबरच्या खोलीत, मोरीत,
रंगाच्या रिकाम्या डब्यात एक कासव.
दहाच्या नाण्याहून थोडं मोठं,
डोळ्यामागे लाल रेघ,
कुंकू पुसताना राहून गेल्यासारखी.
चिठ्ठीत एवढंच : मावशी, आठवड्यात नेतो.

घणसोली गावात खोल्या भाड्याने देते मी.
माणसं जातात, वस्तू राहतात :
हेल्मेट, डाव्या पायाची चप्पल,
एकाने तर आजोबांचा फोटो ठेवला खिळ्याला.
पण श्वास घेणारं कुणी
ठेवून गेलं नव्हतं अजून.

आमच्या देवळात गाभाऱ्यापुढे दगडाचं कासव आहे,
हात लागून लागून पाठ गुळगुळीत.
त्याला काही लागत नाही. फार तर एक फूल.
आणि कीर्तनात ऐकलेलं, की कासवी
पिलांना पाजत नाही, भरवत नाही,
लांबून नुसती बघते,
त्या नजरेवर ती वाढतात.
मीही बघितलं.
सुका जवळा टाकला, खारट, आम्ही खातो तसाच,
आणि महिनाभर बघत बसले.
पाठ मऊ पडली त्याची.
बोटाखाली दबायला लागली, सादळल्या पापडासारखी.

वाशीच्या डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत,
तेच जास्त लागलं.
म्हणाल्या, त्याला पोहायला जेवढं पाणी लागतं
तेवढीच कोरडी जागा लागते.
पूर्ण सुकू दे रोज. आणि काचेतून आलेलं ऊन
धरायचं नाही हिशेबात.

एवढी वर्षं गच्चीवर बोंबील वाळवले,
ऊन काय करतं
ते मला दुसऱ्याने सांगावं!

मग टाकी आली, खिडकीची काच सरकली,
विटेवर वीट रचून एक उतार झाला.
पावसाळ्यासाठी दिवा, त्याचं बिल वेगळं.
नळाचं पाणी रात्रभर उघडं ठेवायचं.
माकुलाचं हाड, जे आम्ही उकिरड्यावर टाकायचो,
ते आता धुऊन, वाळवून पाण्यात तरंगतं
आणि तो त्याचे कोपरे कुरतडतो.
त्याला हात लावला की साबण. आधीही, नंतरही.
भाड्याच्या वहीत बिपुलच्या पानावर
बाकी रकमेखाली मी वजन लिहिते :
चाळीस ग्रॅम. बासष्ट. एकशे पाच.

रुपेश म्हणाला, आये, खारीन सोर त्याला.
म्हटलं, खाडी खारी, हा गोड्या पाण्यातला.
मग तळ्यात सोड.
तळ्यात हा तिथल्यांचं खाईल, तिथल्यांची जागा घेईल.
बाहेरून आलेलं मोकळं सुटलं की काय होतं
ते आमच्या गावाला शिकवायला नको.
पण बाहेरून आलेल्यांच्याच भाड्यावर
माझी चूल पेटते,
म्हणून त्यावर जास्त बोलले नाही.

बिपुलचा नंबर लागत नाही.
अकरा महिन्यांचा करार केव्हाच संपला.
डॉक्टरीणबाई म्हणतात, तीस वर्षंसुद्धा जगेल.
मी एकसष्टची. बेरीज मी केली,
मग वही मिटली.

सकाळी दहाला तो विटांवर चढतो,
चारही पाय मागे ताणतो, बोटं फाकवतो,
मान लांब, डोळे बंद,
जसं कुणाचं काही देणं नाही.
पाठीवरचं पाणी आधी कडेने आटतं,
मध्ये एक ओला ठिपका राहतो,
तो जाईपर्यंत मी भांड्यांना हात लावत नाही.

नव्या भाडेकरूने विचारलं, कुणाचं हे?
म्हटलं, चार नंबरचं. अनामत आहे. येईल तो न्यायला.

काल संध्याकाळी बेल वाजली.
दारात कुणी पोरगा, पाठीला बॅग, पाठमोरा.
दार उघडायच्या आधी
मी टाकीवर टॉवेल टाकला.

कुरियरवाला होता.
सही केली. हात थरथरला थोडा.
टॉवेल काढला तर हा पाण्यातून वर बघत होता,
भूक लागली की बघतो तसा.